विद्यार्थी अदलाबदल: भारत म्हणून कोण जातो?

परदेशी शिक्षण म्हटलं की आपल्या समाजाच्या डोळ्यांसमोर दोनच चित्रं येतात. एक १९१३ चं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची महिन्याला साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला उतरलेले बाबासाहेब. दुसरं आजचं. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा केंद्राची नॅशनल ओव्हरसीज मिळवलेला आपला एखादा भाऊ, एखादी ताई. विमानतळावर गळ्यात हार, हातात संविधानाची प्रत आणि व्हॉट्सअॅपच्या प्रत्येक ग्रुपवर फिरणारा फोटो. या दोन्ही चित्रांचा आम्हाला अभिमान आहे. पण या दोहोंच्या अलीकडे एक तिसरी वाट आहे. ती आपल्याच विद्यापीठाच्या आवारातून जाते, आणि तिच्याबद्दल आपल्या शिबिरांत, व्याख्यानमालांत, करिअर मार्गदर्शनात कुणी चकार शब्द काढत नाही.

ती वाट म्हणजे स्टुडंट एक्सचेंज, विद्यार्थी अदलाबदल. दोन विद्यापीठांत करार होतो: तुमचे दोन विद्यार्थी आमच्याकडे, आमचे दोन तुमच्याकडे, एका सत्रासाठी. तिकडची शिकवणी फी माफ. विद्यार्थ्यानं फी आपल्या मूळ विद्यापीठात भरायची, तिकडे चार-सहा महिने शिकायचं आणि परत आल्यावर तिकडचे क्रेडिट इकडच्या पदवीत धरून घ्यायचे.

यातलं एक वाक्य पुन्हा वाचा. फी मूळ विद्यापीठात भरायची. आपल्या पोरांची मूळ विद्यापीठातली फी कोण भरतं? भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिप. म्हणजे कागदावर पाहिलं तर परदेशी शिक्षणाचा हा सगळ्यात स्वस्त प्रकार आपल्याच पोरांसाठी बेतल्यासारखा आहे. मग आपली पोरं यात दिसत का नाहीत? या प्रश्नासाठीच हा लेख आहे.

आम्ही दोघं गेलो होतो. समाजशास्त्र एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, २०१५-१६ च्या हिवाळी सत्रात, जर्मनीतल्या एका लहान विद्यापीठ-गावात. एकाचे वडील नांदेडच्या मोंढ्यात हमाल, दुसऱ्याची आई वाशिम जिल्ह्यात अंगणवाडी मदतनीस. वसतिगृहात एकाच खोलीत राहत होतो. आमच्या विद्यापीठातून त्या सत्राला जर्मनीत एकूण सहा जण गेले. बाकीच्या चौघांपैकी एकाच्याही घरात विमानप्रवास ही नवी गोष्ट नव्हती.

आम्हाला ही संधी कळली ती एका योगायोगानं, आणि हा योगायोगच मुळात चर्चेचा विषय आहे. नोटीस इंग्रजीत होती, आंतरराष्ट्रीय कक्षाच्या आतल्या फळ्यावर होती आणि अर्जाला आठ दिवस होते. सोबत पासपोर्टची झेरॉक्स जोडायची होती. आठ दिवसांत पासपोर्ट सहसा निघत नाही. म्हणजे ज्याच्याकडे तो आधीपासून आहे त्यानंच अर्ज करायचा. आता सांगा, बावीस वर्षांच्या पोराकडे आधीपासून पासपोर्ट कुणाच्या घरात असतो? आमच्याकडे होता, कारण फुले-आंबेडकरी विचार शिकवणाऱ्या आमच्या एका सरांनी आदल्या वर्षी वसतिगृहातल्या पंधरा पोरांना मागे लागून, दरडावून पासपोर्ट काढायला लावले होते. "कुठं जायचंय सर?" असं विचारल्यावर ते म्हणाले होते, "कुठं जायचं ते नंतर बघू, आधी काढून ठेवा." पोलीस पडताळणीला वस्तीत हवालदार आला तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, पोरानं काही भानगड केली.

निवडीची मुलाखत पंधरा मिनिटांची. आमच्या गुणांवर कुणाला बोट ठेवता येत नव्हतं. पण प्रश्न गुणांवर नव्हतेच. "तुम्ही तिथे भारताचे सांस्कृतिक दूत असाल. भारतीय संस्कृती कशी सादर कराल?" अर्जातही एक रकाना होता: शास्त्रीय संगीत, नृत्य, योग, अन्य. आमच्यातल्या एकानं 'अन्य'मध्ये लिहिलं होतं, आंबेडकरी जलसा, भीमगीत गायन. पॅनेलवरच्या बाईंनी ते वाचून विचारलं, "हे लोकसंगीतात येतं का?" आम्ही म्हणालो, "येतं मॅडम, आणि इतिहासातही येतं." निवड झाली, ती करारातल्या जागा भरायच्या होत्या आणि त्या वर्षी अर्ज कमी आले होते म्हणून, हे आम्हाला नंतर कक्षातल्या शिपाईकाकांनी सांगितलं.

प्रवेशाला आरक्षण आहे, नोकरभरतीला रोस्टर आहे, वसतिगृहाला टक्का आहे. विनिमयाच्या नामांकनाला यातलं काहीही नाही. परत आल्यावर काही वर्षांनी आम्ही माहिती अधिकारात विचारलं: गेल्या दहा वर्षांत या योजनांतून परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांची प्रवर्गनिहाय संख्या द्या. उत्तर आलं, अशी माहिती संकलित केली जात नाही. जे मोजलंच जात नाही त्याच्याबद्दल तक्रार तरी कशाच्या आधारावर करणार? प्रस्थापितांना हे चांगलं कळतं. आकडा नसला की अन्याय सिद्ध होत नाही, आणि सिद्ध होत नाही म्हणजे झालाच नाही.

आता पैशाचं. फी माफ असली तरी पोट माफ नसतं. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा हवा तर राहण्या-खाण्याचे पैसे आधीच एका बंद खात्यात भरून दाखवावे लागतात. तिथं पोहोचल्यावर त्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम महिन्याला ९९२ युरो, वर्षाला ११,९०४ युरो धरली जाते. सहा महिन्यांसाठी धरली तरी आजच्या भावानं पाच लाखांच्या वर. आमच्या वेळी ती कमी होती, तरी एका माणसाचे जवळपास तीन लाख होत होते. तिकीट, विमा, व्हिसाची फी वेगळी.

हे तीन लाख कसे उभे राहिले ते सांगायला हवं, कारण 'जिद्द असली की सगळं होतं' असली भाषणं ऐकून आम्ही कंटाळलो आहोत. जिद्दीनं बंद खातं भरत नाही. नांदेडच्या घरी आईनं बचत गटातून चाळीस हजार उचलले, वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली. वाशिमच्या घरी मामांनी पतसंस्थेत जामीन राहून एक लाखाचं कर्ज काढून दिलं. विहारात वर्गणी झाली, त्यात पन्नास रुपयांची पावती फाडणाऱ्या आजीबाईही होत्या. राहिलेली मोठी रक्कम आमच्या त्या सरांनी आणि त्यांच्या चार नोकरदार मित्रांनी हातउसनी दिली, लिहूनबिहून काही घेतलं नाही. ज्या चौघांबरोबर आम्ही गेलो त्यांच्या वडिलांनी एका दुपारी बँकेत जाऊन ठेव मोडली आणि विषय संपला. एकाच योजनेतले सहा विद्यार्थी. दोघांच्या पाठीशी अख्खी वस्ती कर्जात, चौघांच्या पाठीशी एक मुदत ठेव.

तिथं काय मिळालं? पहिलं म्हणजे ग्रंथालय. रविवारी रात्रीपर्यंत उघडं असायचं, आणि पुस्तक हातात घ्यायला कुणाची सही लागायची नाही. हे वाचून कुणाला किरकोळ वाटेल. ज्यानं कॉलेजात ग्रंथपालाच्या मर्जीवर वर्षं काढली आहेत त्याला वाटणार नाही.

दुसरं म्हणजे चर्चासत्र. दक्षिण आशियाई समाजावरच्या एका वर्गात लुई ड्युमाँचं १९६६ चं 'होमो हायरार्किकस' वाचायला होतं. जात म्हणजे शुद्ध-अशुद्धाची एक सुसंगत व्यवस्था, सगळे आपापल्या पायरीवर, सगळ्यांना ती मान्य, असा त्याचा एकूण सूर. जर्मन मुलं प्रामाणिकपणे टिपणं काढत होती. आमच्याबरोबर आलेल्या एकानं हात वर करून सांगितलं की हे जुनं झालं, आता जात फक्त खेड्यात आणि निवडणुकीत राहिली आहे. सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या, कारण आम्हीही 'भारतीय' होतो. आम्ही म्हणालो, आम्हाला पुढच्या आठवड्यात एक निबंध मांडू द्या. तो निबंध म्हणजे बाबासाहेबांचा 'कास्ट्स इन इंडिया'. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचलेला. तोही एका परदेशात शिकणाऱ्या विद्यार्थ्यानं, तेव्हा त्यांचं वय पंचवीस. आपल्यापैकी कित्येकांनी हा निबंध जयंतीच्या भाषणापुरता ऐकलेला असतो. त्यात बाबासाहेब जात कशी टिकते हे सजातीय विवाहातून, सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह यांतून कसं उलगडतात, हे आम्ही फळ्यावर मांडलं, तेव्हा वर्गातल्या मुलींचे प्रश्न थांबेनात. ड्युमाँच्या पन्नास वर्षं आधी लिहिलेला हा निबंध त्या अभ्यासक्रमात का नाही, हे एका जर्मन मुलीनंच प्राध्यापकांना विचारलं. पुढच्या वर्षीच्या वाचनयादीत तो आला, असं त्यांनी आम्हाला ईमेलनं कळवलं.

हे त्या चौघांपैकी कुणी केलं असतं का? ते काही वाईट लोक नव्हते. एकानं तर आम्हाला थंडीचा कोट दिला. पण त्यांना तो निबंध मांडण्याची गरज वाटली नसती, कारण ड्युमाँनं लिहिलेल्या भारतात त्यांना काही खटकत नव्हतं.

तिसरं जे मिळालं ते मिळालं नसतं तरी चाललं असतं: आपला देश तिथंही भेटला. वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात भारतीय विद्यार्थ्यांनी फ्रीजचा एक कप्पा 'शुद्ध शाकाहारी' म्हणून चिठ्ठी लावून वेगळा केला होता. दिवाळीच्या जेवणाला आम्हाला बोलावलं, आणि पहिल्या पाच मिनिटांत, "पुण्यात कुठले? पेठेतले का?" "मूळचे?" "नांदेड? मग आडनाव काय म्हणालात?" आडनावावरून उलगडलं नाही तर गाव, गावावरून उलगडलं नाही तर वडिलांचा व्यवसाय. आम्ही शेवटी "जय भीम" म्हणून विषय संपवला. त्यानंतर कुणी वाईट बोललं नाही, फक्त पुढच्या जेवणाचं बोलावणं आलं नाही. जर्मनीचा २००६ चा भेदभावविरोधी कायदा वंश, धर्म, लिंग, वय, अपंगत्व, लैंगिक ओळख ही कारणं मोजतो. जात हा शब्द त्यात नाही. तक्रार करायची म्हटली तरी कुठल्या रकान्यात? अमेरिकेत आपल्या लोकांनी लढून हा शब्द आणला: २०१९ मध्ये ब्रँडाइस विद्यापीठ, २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठ, २०२३ मध्ये सिएटल शहर. तिथं शिकायला गेलेली आणि तिथंच कामाला लागलेली आपली माणसं होती म्हणूनच हे झालं.

आठवड्यातून तीन रात्री आम्ही एका हॉटेलात भांडी घासायचो. त्याच वर्षी, १ जानेवारी २०१५ पासून, जर्मनीत किमान वेतन लागू झालं होतं, तासाला साडेआठ युरो. तेव्हाचे सहाशे रुपये. घरी फोनवर हे सांगितलं तेव्हा वडील थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हंजी आमच्या दोन दिसाच्या हमालीचं काम तुम्ही तासात करता?" मग हसले. समाजशास्त्राच्या कुठल्याच पुस्तकानं श्रमाची किंमत आम्हाला इतकी नीट समजावली नव्हती. मालक स्वतः आमच्याबरोबर फरशी पुसायचा. बादली कुणी उचलायची यावर तिथं कुणाची जात ठरत नव्हती. तिथं सगळं गोड होतं असं नाही. त्याच हिवाळ्यात सीरियातून लाखो निर्वासित आले होते, आणि त्यांच्याकडे बघणाऱ्या काही नजरा आम्हाला गावाकडच्या नजरांसारख्याच वाटल्या.

आणि मग १७ जानेवारी २०१६. हैदराबाद विद्यापीठातला आमच्याच वयाचा रोहित वेमुला गेला. वसतिगृहातून बाहेर काढलेला, महिनोन् महिने फेलोशिप थकलेला. आमच्या खोलीत रात्रभर दिवा चालू होता. सकाळी आम्ही विद्यार्थी-सभागृहाची खोली मागून घेतली, ग्रंथालयात रोहितचा फोटो छापला, मेणबत्त्या आणल्या. भारतीय विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर निरोप टाकला. काही मिनिटांत उत्तरं आली: इथे राजकारण नको, परदेशात देशाची बदनामी कशाला, आपण इथे भारताचं प्रतिनिधित्व करतो हे विसरू नका.

त्या दिवशी आम्हाला मुलाखतीतला प्रश्न पुरता समजला. सांस्कृतिक दूत म्हणजे काय, तर जो सतार वाजवेल, दिवाळीचा फराळ वाटेल, योगासनं दाखवेल आणि रोहितबद्दल गप्प बसेल. भारताची एक बाजू नेमून दिलेली आहे आणि तीच दाखवायला माणसं निवडली जातात. आमच्या सभेला पंचवीसेक जण आले. जर्मन होते, एक तुर्की मुलगा, दोन इराणी मुली, केरळची एक मुलगी आणि कोट देणारा तो आमचा सहकारी. एका जर्मन मुलानं रोहितच्या पत्राचा रात्री जागून जर्मन अनुवाद केला होता, तो वाचला. मग आमच्यातल्या एकानं वामनदादांचं एक गीत म्हटलं, टेबलावर ठेका धरून. अर्ज भरताना 'अन्य'मध्ये लिहिलेलं हे असं उपयोगी पडलं. भारताचं प्रतिनिधित्व आम्ही केलं. त्यांना हवं होतं त्या भारताचं नसेल.

अदलाबदलीची दुसरी बाजूही बघा. जशी इथून पोरं जातात तशी तिथून येतात. त्या सत्रात आमच्या विद्यापीठात आलेल्या मुलांना शनिवारवाडा दाखवला, हेरिटेज वॉक झाला, योगवर्ग झाला, एका प्राध्यापकांकडे पुरणपोळीचं जेवण झालं. गंज पेठेतला महात्मा फुल्यांचा वाडा त्याच शहरात आहे. सावित्रीमाईंनी आणि जोतिरावांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली तो भिडेवाडाही त्याच शहरात होता. कार्यक्रमपत्रिकेत दोन्ही नव्हते. आम्ही परत आल्यापासून दरवर्षी तिथून येणाऱ्या मुलांना भेटतो. कुणी बोलावत नाही, आम्हीच जातो. त्यांना फुलेवाड्यात नेतो, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला नेतो. दादरच्या शिवाजी पार्कावरचे पुस्तकांचे स्टॉल बघून एका मुलानं विचारलं होतं, "हे लोक दुखवट्याच्या दिवशी पुस्तकं विकत घेतात?" त्याला तिथंच उभं राहून अर्धा तास समजावलं. मुंबईकर पोरांनो, हे काम तुम्हाला आमच्यापेक्षा सोपं आहे. परदेशी विद्यार्थी तुमच्या विद्यापीठातही येतात. त्यांच्याशी ओळख काढायला कुणाची परवानगी लागत नाही.

आमच्याच मित्रांकडून यावर दोन आक्षेप येतात. पहिला: सहा महिन्यांत काय होतं, ही तर सहल झाली. बाबासाहेबांनी १९२१ मध्ये जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही नाव नोंदवलं होतं. लंडनच्या पदवीच्या कामामुळे तिथला अभ्यास पुरा झाला नाही, पण जिथं ज्ञान आहे तिथं थोड्या दिवसांसाठी का होईना जाऊन बघण्याची त्यांची तयारी होती. आणि ज्या घरातून आजवर कुणी जिल्ह्याबाहेर शिकायला गेलं नाही, त्या घरातल्या पोरानं सहा महिने परक्या भाषेत वर्ग चालवून दाखवले की पुढचा पीएच.डी.चा अर्ज त्याला डोंगर वाटत नाही. तिथल्या प्राध्यापकाचं एक शिफारसपत्र हातात येतं. ते आपल्याकडे कुणाच्या ओळखीनं मिळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: जे जातात ते परत येत नाहीत, समाजाला त्यांचा काय उपयोग? याला आम्ही उलटं उत्तर देतो. बाकीच्या शिष्यवृत्त्यांत परत येणं माणसाच्या मनावर असतं. विनिमयात ते रचनेतच आहे. पदवी इथली आहे, सत्र संपलं की यावंच लागतं. सहा महिन्यांनी पोरगं आपल्या वसतिगृहात, आपल्या वस्तीत परत असतं, आणि पुढच्या वर्षीच्या पाच जणांना सांगायला त्याच्याकडे काहीतरी असतं.

म्हणून मागणी सरकारकडे न्यायची आहे. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीजच्या जागा देशभरात १२५, राज्याच्या शाहू महाराज शिष्यवृत्तीच्या ७५. दोन्ही पूर्ण पदवीसाठी. २०२५ मध्ये केंद्राच्या यादीत १०६ जणांची निवड झाली आणि निधीचं कारण देऊन सुरुवातीला पत्रं निघाली ती ४० जणांची. या जागा वाढल्या पाहिजेत, त्यासाठीचा लढा वेगळा चालूच आहे आणि त्यातली एकही जागा कमी करून आम्हाला काही नको. पण एका सत्राच्या विनिमयाला जाणाऱ्या विद्यार्थ्याला या दोन्ही योजनांत काहीच नाही. त्याची इथली फी सरकार आधीच भरतंय, तिथली माफ आहे. उरतो फक्त पाच-सहा महिन्यांचा जगण्याचा खर्च आणि तिकीट. समाजकल्याण खात्यानं एवढंच उचललं तर एका पूर्ण पदवीच्या खर्चात कितीतरी पोरं जाऊन येतील. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी सरकारला दिलेल्या निवेदनात आपल्या विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी पैसा मागितला होता. मागायची रीत त्यांनीच घालून दिली आहे.

समाजशास्त्र, इतिहास, साहित्य शिकणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. २०२२ मध्ये केंद्रानं नॅशनल ओव्हरसीजच्या नियमांत बदल करून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषय वगळले. म्हणजे दलित विद्यार्थ्यानं सरकारी पैशानं परदेशात जाऊन जातीवर संशोधन करायचं नाही. विनिमयाच्या सत्रात काय शिकायचं हे दोन विभाग आणि विद्यार्थी ठरवतात, दिल्ली ठरवत नाही. तोवर तरी ही फट उघडी आहे.

आता जे यंदा एम.ए.च्या किंवा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहेत त्यांच्याशी बोलतो. पासपोर्ट या महिन्यात काढायला टाका, बाकी सगळं नंतर. आंतरराष्ट्रीय कक्षात स्वतः जाऊन विचारा की कुठल्या विद्यापीठांशी करार चालू आहेत आणि त्यांत नुसती फीमाफी आहे की भत्ताही आहे. हा फरक फार मोठा आहे. युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस योजनेत २०१५ पासून आपल्यासारख्या देशांतले विद्यार्थीही एका सत्रासाठी जाऊ शकतात, आणि त्यात महिन्याचा भत्ता व प्रवासखर्च मिळतो. जर्मनीची डाड ही संस्था, जिच्या नावातच अदलाबदल आहे, वेगवेगळ्या शिष्यवृत्त्या देते. भत्ता असलेला करार सापडला तर तुमच्या आईला बचत गटाचं कर्ज काढावं लागणार नाही. तिथं कोणते विषय घेणार आणि इथं कोणते माफ होणार, हे जाण्याआधी विभागप्रमुखांच्या सहीनं कागदावर घ्या. तोंडी 'बघू, होऊन जाईल' यावर जाऊ नका. परत आल्यावर सत्र पुन्हा करायला लावलं की शिष्यवृत्तीचं वर्षही अडकतं. महाडीबीटीचा अर्ज जाण्यापूर्वी भरून मंजुरीपर्यंत कुणावर तरी सोपवून जा, कारण तिथं ओटीपी येईलच असं नाही.

इंग्रजीची भीती बाळगू नका. तिथं निम्म्या वर्गाचं इंग्रजी आपल्याइतकंच मोडकं असतं आणि त्याची कुणाला लाज नसते.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत आम्ही दोन वर्षांपासून एक वही ठेवली आहे. त्यात आजूबाजूच्या चार विद्यापीठांच्या विनिमय करारांची नावं, अर्जाचे महिने आणि जाऊन आलेल्यांचे फोन नंबर लिहितो. अठरा पोरांचे पासपोर्ट निघाले. मागच्या पावसाळ्यात हिंगोलीच्या एका मुलीचं नामांकन झालं, राज्यशास्त्राची आहे, करार भत्त्याशिवायचा. बंद खात्यासाठी दोन लाख दहा हजार जमले आहेत, अडीच लाख अजून लागतात आणि व्हिसाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मुलाखतीत तिलाही विचारलं गेलं की भारतीय संस्कृती कशी सादर करणार. ती म्हणाली, "सावित्रीबाईंचं चरित्र सोबत नेणार आहे. कुणी वाचतो म्हणालं तर देईन."